दातांची हजेरी

माझ्या सासरी परगावी निघायच्या आधी दात तपासायची पद्धत होती. कुणी लांबच्या लग्नाला निघो की सुट्टी संपवून पलटणीत परत निघो, पिशवी भरून झाली, भाकरी बांधून झाली, की सासरे बॅटरी काढायचे. तीन सेलची, जड. दुसऱ्या हातात चमचा, उलटा धरलेला. ज्याला जायचं असेल त्याने ओट्यावर उजेडात मांडी घालून बसायचं आणि आ करायचा.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडूजला तेव्हा घराआड एक फौजी माणूस होता आणि प्रत्येकाने फौजेतून एखादी सवय घरी आणली होती. कुणी पांघरुणाच्या घड्या मापात घालायचा, कुणी घड्याळ बघून जेवायला बसायचा. माझ्या सासऱ्यांनी दात आणले. त्याला कारण होतं. बर्फातल्या एका चौकीवर असताना त्यांची दाढ ठणकायला लागली. दाताचा डॉक्टर खाली, खेचरांच्या वाटेने कित्येक मैल दूर. शेवटी एका सोबत्याने पकडीने दाढ ओढली. ती अर्धी तुटली, जखम चिघळली, ताप भरला आणि त्यांना खाली आणून इस्पितळात टाकावं लागलं. त्याच सुमाराला बढतीचा कोर्स होता, तो हुकला. हवालदाराचे सुभेदार व्हायचे राहिले ते राहिलेच.

"एका दाढंनं माजी बढती खाल्ली," असं ते सांगायचे. रागाने नाही, यंदा ज्वारी कमी आली असं सांगावं तसं. पण तेव्हापासून त्यांचा नियम झाला होता, आणि तो घरात सगळ्यांना लागू होता: अनफिट माणूस गाडीत बसत नाही.

तपासणीत पास झालेल्याला एक डबी मिळायची. खोकल्याच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी. तीत लवंगेच्या तेलाची बोटभर बाटली, कापूस, मिठाची पुडी, दाताच्या फटीत अडकलेलं काढायला मेणाचा दोरा आणि दुखण्याच्या गोळ्या. डबीबरोबर सूचना. तेल किडीवरच लावायचं, हिरडीला लागलं तर भाजतं. वाटेत ऊस सोलायचा नाही, फुटाणे नाहीत, चिक्की नाही. आणि गावात उतरल्या उतरल्या दोन गोष्टी विचारून ठेवायच्या, परतीची यष्टी कुठनं सुटते आणि दाताचा डॉक्टर कुठं बसतो. "दुखाय लागल्यावर इचारत बसू नये," ते म्हणायचे. "तवा मानूस इचारत न्हाई, नुसता वरडतो."

मी साताऱ्याची. वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात माणसं मोजकी, बोलणं हळू. लग्न होऊन वडूजला आले तेव्हा ही परेड बघून मला हसू आलं होतं. मग माझी माहेरी जायची वेळ आली आणि हसू थांबलं. मी सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन वावरत होते. त्यांच्याशी काही बोलायचं झालं तर दाराआडून, तेही कमी. त्यांच्यापुढे तोंड वासून बसायचं हे मला शक्य नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं. पण नियम तर मोडायचा नाही.

तोडगा निघाला तो असा. मी आत सोप्यात उंबऱ्याजवळ बसायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बॅटरी आणि चमचा घेऊन माझ्यासमोर. सासरे बाहेर ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून, अंगणातल्या लिंबाकडे बघत. तिथून ते एकेक दात पुकारायचे आणि आत्याबाई उत्तर द्यायच्या. दात चांगला असला तर "हजर". किडलेला असला तर "आजारी". पडलेला असला तर "गैरहजर". आत्याबाईंना लिहायला वाचायला येत नव्हतं, पण ही हजेरी त्यांना पाठ होती. कुठल्या ओळीत कितवा, हे त्या सासऱ्यांच्या आधी जाणायच्या.

पहिल्या वेळी माझी सगळी पलटण हजर निघाली. डबी घेऊन मी साताऱ्याला गेले आणि आईला हे सांगून पोट धरून हसवलं. आई हसली, पण डबी उघडून बघताना म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे? शहाणा माणूस आहे."

पुढे मोठा दुष्काळ पडला. खटाव तालुक्यात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. आत्याबाई खडी फोडायला जात होत्या, मीही काही दिवस गेले. दुष्काळ सरला, पाऊस आला, पण आत्याबाईंच्या डोक्यातून खडी गेली नाही. साताऱ्याहून वडिलांनी कळवलं, की सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर मुली घेणार आहेत, मॅट्रिक पाहिजे, आवाज स्वच्छ पाहिजे. मी मॅट्रिक होते. अर्ज करू का, असं मी दाराआडून विचारलं. सासरे म्हणाले, "फौजेत सिग्नलची मानसं लय मानाची असत्यात. कर." आत्याबाई म्हणाल्या, "खुर्चीत बसून काम मिळतंय, तर सोडू नगंस बाय." माझे यजमान तेव्हा सरहद्दीवर होते, त्यांचाही होकार आला.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा हातात फार दिवस नव्हते. आणि माझं वय सरकारी नोकरीच्या मर्यादेच्या अगदी काठावर होतं. ही संधी गेली तर पुन्हा अर्जही करता आला नसता. मुलाखतीत काय असतं याची वडिलांनी चौकशी केली होती. फोनवर आकडे आणि गावांची नावं वाचायला लावतात, पलीकडच्या माणसाने ऐकून लिहून घ्यायची. म्हणजे सगळं जिभेवर आणि जबड्यावर.

निघायच्या आधीच्या संध्याकाळी हजेरी झाली. त्या दिवशी ओट्यावर सासऱ्यांबरोबर शेजारची दोन-तीन माणसं तंबाखू मळत बसली होती. मी आत आ करून बसलेली, आत्याबाईंचा चमचा माझ्या गालात. सासरे लिंबाकडे बघून पुकारत होते. वरची रांग झाली, खालची उजवी झाली. तेवढ्यात शेजारच्या म्हातारबांना राहवलं नाही.

"काय हवालदार, सुनंचं दात मोजताय व्हय? पुसेगावच्या जत्रंला न्यायची हाय का इकायला?"

दुसरा म्हणाला, "इचारा की, दुसा हाय का चौसा?"

बैलाचं वय दात बघून ठरवतात, दोन दाताचा दुसा, चार दाताचा चौसा. ओट्यावर हशा पिकला. सासरे हसले नाहीत. त्यांनी पुढचा दात पुकारला. "खालची डावी, शेवटनं दुसरी?"

आत्याबाईंचा हात थांबला. बॅटरीचा उजेड एकाच जागी राहिला. त्या दाढेत गेले काही दिवस गार पाण्याने कळ जात होती, हे मला माहीत होतं. आता त्यांनाही दिसलं. मी डोळ्यांनी खूण केली, की हो, तीच. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"हजर! सगळी हजर हायत! मोत्यावानी दात हायत माज्या सुनंचं. म्हातारबा, तुमच्या दावनीला बगा जावा कोन दुसा हाय त्यो!"

माझं तोंड उघडं, आत चमचा. मी काय बोलणार होते?

स्वयंपाकघरात गेल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, ती दाढ किडलीय."

"ठावं हाय. माजं डोळं फुटल्यात व्हय?"

"मग मामंजींना सांगू या."

"काय सांगतीस? अनफिट मानूस गाडीत बसत न्हाई. बसवनार न्हाईत तुला. आन त्या मेल्यांच्या म्होरं मी सुनंची दाढ किडलीया म्हनू? उद्या गावभर व्हईल, हवालदाराच्या सुनंचं दात मोजलं, त्यात खोट निघाली म्हनून." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "गप ऱ्हा. तू मुलाखतीचं बग. दाताचं मी बगते."

आणि जेवायला वाढताना त्यांनी सासऱ्यांना सांगून टाकलं, की मीही सुनेबरोबर निघते, आष्ट्याला भावाकडे मुक्काम करू, भावाला बघून वर्ष झालं. आष्टा वाटेवरच होतं, सांगली तिथून जवळ. सासरे एवढंच म्हणाले, "मग तुजीबी हजेरी घ्याय लागंल." ती लगेच उरकली. आत्याबाईंची निम्मी पलटण कधीच पेन्शनीत गेली होती.

सकाळी यष्टीत बसलो. कराडपर्यंत दाढ गप्प होती. कराड सोडलं आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला दाढेत मोजता यायला लागला. मी डबी काढली. आत्याबाईंनी माझा हात धरला.

"चालत्या गाडीत बाटली उगडू नगंस. सांडलं म्हंजी संपलं. इस्लामपूर येऊ दे."

इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. मी कापसाचा बारीक बोळा काडीला गुंडाळला, तेलात बुडवला, जास्तीचं तेल बाटलीच्या तोंडावर निपटलं आणि किडीत दाबला. आधी डोळ्यांतून पाणी आलं, मग हळूहळू कळ मागे सरली. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "कसला वास म्हनायचा ह्यो, मसालेभाताचा?" आत्याबाई म्हणाल्या, "व्हय. बसल्या बसल्या भूक लागली तिला."

आष्ट्याला आत्याबाईंच्या भावाचं घर उसाच्या फडाला लागून. ते गृहस्थ गोल, हसरे, आणि तोंडात पांढरीशुभ्र कवळी. आम्ही पाय धुवून टेकतो न टेकतो तोच त्यांच्या बायकोने ताट पुढे केलं. ताजा गूळ, फुटाणे, शेंगांची चिक्की, उसाची सोललेली कांडकी. ज्या ज्या गोष्टी सासऱ्यांनी वर्ज्य सांगितल्या होत्या त्या सगळ्या एका ताटात.

"घे की गं पोरी. लाजतीस काय?"

आत्याबाई म्हणाल्या, "तिचा उपास हाय."

"कसला उपास, वन्सं? आज बुधवार."

"शंकराचा."

"शंकराचा सोमवारी असतोय की."

"तिच्या माहेरी साताऱ्याला बुधवारी करत्यात."

माझ्या माहेरचा शंकर त्या दिवशी बुधवारचा झाला आणि मला कोमट दुधावर झोपावं लागलं. आधी मात्र आत्याबाईंनी भावाला गोठ्याकडे नेऊन खरं काय ते सांगितलं. ते परत आले तेव्हा तोंडावर हात ठेवून हसत होते. मला म्हणाले, "पोरी, काळजी करू नगंस. माजी कवळी जेनं बसवली त्यो डाक्टर सांगलीला माडीवरच ऱ्हातोय. पैल्या गाडीनं जाऊ. खेड्याची मानसं आली म्हंजी सकाळीच दार उगडतोय."

एक सांगते. मी लहानपणापासून शिकलेल्या माणसांत वाढले, पण अडचण आधी ओळखून, कुणाला न दुखवता, न बोलता तिची तजवीज करणारी माणसं मला वडूजला आणि आष्ट्याला भेटली. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. पुढे नोकरीत पुष्कळ माणसं बघितली, तेव्हा याची किंमत कळली.

सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही तिघं सांगलीला गेलो. दवाखाना बाजारपेठेत, लाकडी जिन्याने वर. डॉक्टर पन्नाशीचे, अंगात बनियन, वर घाईने चढवलेला पांढरा कोट. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आरसा घालून बघितलं आणि म्हणाले,

"ही ठेवण्यासारखी नाही. काढावी लागेल. इंजेक्शन देतो, पाच मिनिटांचं काम."

मी घड्याळाकडे बघितलं. मुलाखतीला अजून वेळ होता. काढून टाकावी आणि मोकळं व्हावं असं मला मनापासून वाटलं. दुखणं माणसाला घाई करायला लावतं. मी मान हलवणार तेवढ्यात मागून मामा, म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, म्हणाले,

"आवं डाक्टर, इंजिक्शन नगा देऊ. माजं काय झालं व्हतं सांगू का? तुमी मला इंजिक्शन दिलं, मी तसाच आष्ट्याला गेलो, सोसायटीची मीटिंग व्हती. बोलाय उबा ऱ्हायलो तर जीभ आर्दी मेलेली. 'सभासद' म्हनाय गेलो तर निसतं फसफस. समदी म्हनली, आज सकाळच्यालाच चढवलीय गड्यानं."

आत्याबाई पुढे झाल्या. "बगा सायेब, हिला आज बोलायचं हाय. नोकरीचं हाय. फोनवर बोलून दावायचंय. ते झाल्यावर दाढ काढा, जबडा काढा, काय बी काढा. पर दुपारपातूर हिची जीभ जिती ऱ्हायला पायजे."

डॉक्टर हसले. "हे आधी सांगायचं ना," म्हणाले. त्यांनी इंजेक्शनचा डबा झाकला आणि पायाने चालवायचं यंत्र पुढे ओढलं. शिलाई मशीनसारखी खाली पट्टी, पाय मारला की वर सुई फिरते. आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्येच्यावर चोळी शिवून व्हईल." डॉक्टरांनी किडलेलं वरवर कोरलं, आत लवंगेच्याच तेलात कालवलेलं पांढरं सिमेंट भरलं आणि मला दात मिटायला लावले.

"हे कायमचं नाही. आजचा दिवस निघेल. त्या बाजूने चावू नका, गार पिऊ नका. बोलायला काही हरकत नाही. बोला बघू काहीतरी."

मी आकडे म्हणून दाखवले. मग गावांची नावं, सातारा, कराड, वडूज, विटा, तासगाव, मिरज. मामा जिन्यात जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "आयकू येतंय! समदं आयकू येतंय!"

डॉक्टरांनी त्या कामाचं काही घेतलं नाही. दुपारी याल तेव्हा एकदमच बघू म्हणाले.

मुलाखतीला आत तीन माणसं होती, त्यांत एक बाई, पर्यवेक्षक असाव्यात. मला बाजूच्या खोलीत फोन दिला आणि कागदावरचं वाचायला सांगितलं. पहिला आकडा वाचला तेव्हा तोंडात लवंगेचा कडवट झणका होता आणि मला त्याचा आधार वाटला. कळ नव्हती. मी सावकाश वाचलं. मामांच्या जिन्याची आठवण ठेवून, की पलीकडच्याने ऐकलं पाहिजे. एक नाव त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

परत आत बोलावल्यावर बाईंनी विचारलं, "घर वडूजला. इथे एकट्या राहाल. कामाची पाळी कुठलीही असेल, दिवसाची, रात्रीची. अवेळी आजारी पडलात, काही दुखलं खुपलं, तर काय कराल? मुली अशा वेळी स्विचबोर्ड सोडून घरी जातात."

मी पिशवीतून डबी काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. सांगितलं, की आमच्या घरात कुठेही निघताना हे बरोबर असतं, आणि नव्या गावात पोचल्यावर डॉक्टर कुठं बसतो ते आधी विचारून ठेवायचं असतं. इथल्या दाताच्या डॉक्टरांकडे मी सकाळीच जाऊन आलेय. दाढ दुखत होती, तात्पुरतं औषध भरलंय, तुमचं झालं की काढायला जाणार आहे.

"म्हणजे आत्ता तुमची दाढ किडलेली आहे?" एक साहेब म्हणाले.

"हो."

बाईंनी तेलाची बाटली उचलली, वास घेतला, खाली ठेवली. "मघापासून मी विचार करतेय, लवंग कुठून येतेय," म्हणाल्या. "बरं, या तुम्ही."

त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. बाहेर आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. काय झालं विचारलं नाही. "बोलता आलं का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. "मग चल आता, काडून टाकू."

दाढ निघाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी कापूस दाबून धरला, थुंकले नाही, गरम प्यायले नाही. दाढ मात्र आत्याबाईंनी कागदात बांधून मागून घेतली. परतीच्या गाडीत कृष्णेच्या पुलावर आल्यावर त्यांनी ती खिडकीतून नदीत टाकली आणि हात जोडले. लोक नदीत पैसा टाकतात. मला बोलता येत नव्हतं, मी नुसतं बघितलं. त्या म्हणाल्या, "बगतीस काय? गेली पीडा."

वडूजला पोचलो तोवर माझा गाल चांगलाच सुजला होता. सासरे ओट्यावर होते. मी पदर पुढे ओढून आत जात होते, तरी त्यांना दिसलं असावं.

"गालाला काय झालं तिच्या?"

आत्याबाई चपला काढता काढता म्हणाल्या, "मधमाशी चावली. भावाच्या फडाकडंला पोळं हाय."

सासऱ्यांनी लिंबाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "बरं. मधमाशी चावली की कोमट पान्यात मीठ घालून चुळा भरायच्या. हळूच. खळखळ करायची न्हाई, न्हाईतर मधमाशीची खपली निघती."

आत्याबाई आत आल्या आणि चुलीवर पाणी ठेवलं. मी चुळा भरल्या.

बरेच दिवस गेले. मग एकदा पोस्टमन आला आणि मला नोकरी लागल्याचं कळलं. आधी पुण्याला प्रशिक्षण, मग सांगली. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सासरे उठून बाजारात गेले आणि माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक घेऊन आले.

निघायच्या दिवशी ट्रंक भरून झाली आणि बॅटरी निघाली. मी आत उंबऱ्याशी, आत्याबाई समोर, सासरे बाहेर पाठ करून. ओट्यावर त्या दिवशी बाहेरचं कुणी नव्हतं. ते त्यांनी मुद्दाम बघितलं होतं, असं मला आज वाटतं. वरची रांग झाली. खालची उजवी झाली.

"खालची डावी, शेवटनं दुसरी?"

आत्याबाईंनी बॅटरी धरली होती.

"शेवटनं दुसरी?"

"ती..." आत्याबाई म्हणाल्या, "ती रजेवर हाय."

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "रजा कुनी मंजूर केली?"

"मी."

"कवा?"

"मधमाशी चावली त्या दिवशी."

मी आ मिटला होता. आता दोघांत काय होतंय याची मला भीती वाटत होती. सासरे ओट्यावरून उठले. त्यांची पावलं दाराशी आली आणि थांबली. मी पदर ओढायला हात उचलला.

"आवं, आत कुठं येताय?" आत्याबाई म्हणाल्या. "ती बसलीया न्हवं?"

"बसू दे. आन बॅटरी हिकडं." ते उंबऱ्याच्या आत आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण त्यांचा चेहरा मी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. उजव्या गालावर, जबड्याच्या कडेला, जुन्या जखमेची गाठ होती. "हितली हजेरी खोटी निघाली. पुन्यात खोटी निघाली तर तिकडं हिची आत्याबाई नसंल. आता मीच बगनार. पोरी, उजेडाकडं फिर. आ कर."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी माझा पदर डोक्यावरून घसरू नये म्हणून मागून धरला आणि मान हलवली. मी उजेडाकडे फिरले आणि आ केला.

त्यांनी सगळे दात एकेक करून बघितले. चमचा कुठेही टोचला नाही. रिकाम्या जागेवर बॅटरी थोडी थांबली. हिरडी भरून आली होती. "चांगली काडलीय," ते म्हणाले. "तुकडा न्हाई ऱ्हायला. डाक्टर चांगला भेटला." मग बॅटरी बंद केली, नव्याने भरलेली डबी माझ्या हातात दिली आणि उठता उठता, बाहेर बघून, नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"फिट हाय. जाऊ दे हिला."